आक्काचा लाल ठिपका

तिला ऑफिसात सगळे कोंडीताई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. उपनगराच्या मधोमध जाणाऱ्या हमरस्त्याची वाहतूक सुधारायचं काम रस्तेखात्यात तिच्याकडे होतं, आणि तो हमरस्ता म्हणजे काय विचारता! माणसाने गाडीत बसून दाढी आटोपली, पेपर वाचून काढला, तरी पुढची गाडी जागची हललेली नसायची. लोक वैतागत, हॉर्न बडवत. कोंडीताई मात्र कोंडीत अडकली की खूश. बसच्या खिडकीला नाक लावून ती बघत राहायची, नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते.

घरी तरी वेगळं काय? चार पाहुणे आले की ही स्वयंपाकघराच्या दारात उभी. आत जाणाऱ्यांनी डावीकडून, ताटं घेऊन येणाऱ्यांनी उजवीकडून, दारात कुणी रेंगाळायचं नाही!

"वळण्याआधी हात दाखवू का?" नवरा विचारायचा.

"दाखव. आणि वेग कमी कर, हातात आमटी आहे," ती म्हणायची. यात हसण्यासारखं काय आहे, हे तिला कधी कळलं नाही.

तर अशा या बाईने बरेच महिने खपून हमरस्त्याचं दुखणं शोधून काढलं. दुखणं होतं दुभाजकातल्या फटींचं. थोडं अंतर गेलं की फट, प्रत्येक फटीत वळायला अडून बसलेली एक गाडी, आणि तिच्यामागे मारुतीच्या शेपटासारखी रांग. तिने आराखडा केला: फटी सगळ्या बुजवायच्या, गाड्यांना लांबवर यू-टर्न द्यायचे, बससाठी वेगळी मार्गिका ठेवायची. साहेबांनी पाठ थोपटली. एकच गोम होती. त्यातली एक फट आक्काच्या शिवणकामाच्या दुकानासमोर होती.

आक्का ही तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानेच हिच्या वेण्या घातल्या, हिला शाळेत धाडलं आणि मशीन चालवून इंजिनिअर केलं. आई म्हणजे काय, हे कोंडीताईला आक्कावरूनच माहीत. म्हणून तर रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की ती दुकानाच्या जरा पुढे, रस्त्यापलीकडच्या थांब्यावर उतरायची, रस्ता ओलांडून आक्काकडे जायची आणि चहा घेऊन मगच घरी.

आराखडा पेपरात आला त्या संध्याकाळी चहा मिळाला नाही.

"माझ्याच दारात भिंत घालतेस?" आक्काने विचारलं.

"भिंत कुठे गं? फट बुजवणार फक्त."

"तेच ते. एक बटण लावून घ्यायला माणूस एवढा वळसा घालून येईल होय?"

"मग काय, बहिणीसाठी एक फट ठेवू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. ज्याला त्याला आपापलं दुकानच तेवढं दिसतं."

बोलायला नको होतं ते बोलून बसली. आक्काने खुर्ची वळवली, पाठ केली आणि मशीन सुरू केलं. त्या दिवसापासून अबोला. कोंडीताईचं संध्याकाळचं जाणं थांबलं. फोन आक्का उचलायची नाही. निरोप यायचे ते नवऱ्याकडे. "तुझ्या बायकोला सांग, तिचा कुर्ता शिवून झालाय. तू येऊन घेऊन जा." कुर्ता अंगाला चपखल बसला, आणि तो घालून कोंडीताई आरशासमोर ढसाढसा रडली.

खात्याची एक रीत होती. आराखडा पक्का करण्याआधी लोकांना बोलवायचं, सभागृहात टेबलाला टेबल जोडून त्यावर रस्त्याचा लांबच लांब नकाशा अंथरायचा आणि प्रत्येकाला चिकटवायला एक लाल ठिपका द्यायचा. रस्त्यावर जिथे सर्वात जास्त त्रास होतो, तिथे लावा. एवढं सोपं काम! पण आजवर एकाही सभेत ते धड झालं नव्हतं. लोक यायचे, चष्मे चढवायचे, कौतुकाने स्वतःचं घर शोधायचे आणि ठिपका नेमका आपल्या घरावर चिकटवून मोकळे व्हायचे.

"काका, घरावर नको, रस्त्यावर लावा," कोंडीताई याही वेळी माइकवरून घसा फोडत होती.

"त्रास मला होतो ना? मग मी राहतो कुठे? इथे!" काकांनी ठिपका अंगठ्याने दाबून पक्का केला.

दुपार कलेपर्यंत नकाशावरच्या झाडून सगळ्या घरांना गोवर आला होता आणि रस्ता कोरा करकरीत.

तेवढ्यात दारातून आक्का आली. कोंडीताईने माइक खाली ठेवून ठिपके हातात घेतले. आता चारचौघांत तमाशा होणार, नाहीतर आक्का ठिपका दुकानावर थापून तोंड फिरवून जाणार. दोन्ही सारखंच वाईट. आक्का रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर बहिणीकडे न बघता तिच्या हातातून ठिपका घेतला. गळ्यातला चष्मा चढवला. बोट नकाशावरून सरकत दुकानापाशी आलं, तिथे न थांबता थोडं पुढे गेलं आणि बसथांब्यासमोर, बरोबर दुभाजकावर, आक्काने ठिपका लावला. त्या दिवसभरात रस्त्यावर पडलेला तो पहिला ठिपका.

"आक्का, फट इथे नाहीये," कोंडीताईला राहवलं नाही. "तुझ्या दुकानासमोर आहे, ही बघ."

"मला नको दाखवूस. रोज बघते मी." आक्का सभेकडे वळली. "इथे संध्याकाळी एक बाई बसमधून उतरते. फटीपर्यंत चालायचा कंटाळा. गाड्यांच्या मधून पळत सुटते आणि दुभाजकावरून उडी मारते. चांगली शिकलेली आहे. रस्तेखात्यात नोकरीला आहे."

सभागृह खो-खो हसलं. "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" मघाचे काका ओरडले. साहेब छताकडे पाहू लागले. कोंडीताई कानापर्यंत लाल झाली.

आक्का मात्र हसत नव्हती. ती बहिणीच्या जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तू रस्त्यात पाय टाकलास की माझं मशीन थांबतं. दारात पोचेपर्यंत माझा पाय हलत नाही. इतकी वर्षं. हल्ली तू येत नाहीस, तर मशीन चालतं आणि मी वेड्यासारखी थांब्याकडे बघते. मलाही हा अबोला नको झालाय गं. पण सोडला की तू पुन्हा तशीच पळत येणार. म्हणून सोडत नाही. आधी इथलं काय ते बघ. मग बोलू."

आणि अबोला असल्याचं एकदम आठवल्यासारखी ती ओठ मिटून निघून गेली.

कोंडीताई नकाशापाशी खिळून राहिली. या जागी तिने सुरुवातीला आराखड्यात पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल दाखवला होता. गाड्या थांबतील म्हणून स्वतःच्याच हाताने खोडला होता. गाड्यांचा विचार केला, बसचा केला. बसमधून उतरलेलं माणूस पुढे कुठे जातं, हा प्रश्न काही तिला पडला नव्हता. आणि ते माणूस रोज ती स्वतःच होती! तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"इथे सिग्नल हवा, साहेब," ती म्हणाली.

"अहो, गाड्या थांबू नयेत म्हणून फटी बुजवतोय, आणि तुम्ही त्या मुद्दाम थांबवणार?"

"फट बुजेल. दुकान बहिणीचं असलं तरी बुजेल. पण माणसं इथूनच जाणार, साहेब. दुभाजक उंच केलात तर उंच उडी मारतील. मला विचारा."

साहेबांना हसू आवरेना. हसता हसताच ते हो म्हणून गेले.

फट बुजली. थांब्यासमोरचा दुभाजक माणसांपुरता कापला, पांढरे पट्टे आले आणि खांबावर दाबायचं बटण आलं. सिग्नल सुरू झाला त्या संध्याकाळी कोंडीताई बसमधून उतरली आणि तिने बटण दाबलं. जरा वेळाने दिवा लाल झाला. ट्रक थांबला, बस थांबली, त्यांच्यामागे अख्खा हमरस्ता थांबला. हा रस्ता कधी थांबू नये म्हणून जिने जन्म घालवला, तिच्या एका बोटासाठी थांबला. कुणीतरी हॉर्न वाजवला. ती ओशाळली आणि सवयीने धावत सुटली.

पलीकडे दारात आक्का उभी होती, गळ्यात टेप, हातात कात्री. इतक्या दिवसांनी तिने तोंड उघडलं ते सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं.

"पळतेस कशाला गं? थांबलेत ना ते तुझ्यासाठी? थांबू देत!"