पाट सोडून गेलेला देव

माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. काना-मात्रा चुकतील, ऱ्हस्व-दीर्घ तर कधी कळलंच नाही. हे कुणाच्या हाती लागलंच तर माफ करावं. पण जे लिहिते आहे ते खोटं नाही.

चैत्रातली यात्रा होती. नैवेद्याचं ताट घेऊन मी देवळाच्या खालच्या पायरीशी उभी होते. वर आबा. गावात सगळ्यात जास्त ऊस त्यांचा, देवळाची कमिटीही त्यांचीच. आमच्या वस्तीनं ताट पायरीवर ठेवायचं, मागं सरायचं, मग वरून पाणी शिंपडून गुरवानं ते उचलायचं, अशी रीत. त्या दिवशी आबांनी शिंपडलं नाही. अख्खा तांब्या ताटात ओतला. पोळ्यांचा लगदा झाला. पुरण पायरीवरून ओघळलं. वरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"देवाला समद्यांची काळजी हाय," आबा म्हणाले. "तुमच्या वस्तीचीबी. पन पायरी वळखून ऱ्हावं."

 चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, लहानपणापासून. मी त्या पाण्याकडं बघत राहिले. स्वच्छ पाणी. घरी माझी मुलगी उलट्या-जुलाबानं पडली होती. तिला पाजायला तसलं तांब्याभर पाणी माझ्याकडं नव्हतं.

आमची वस्ती धरणाच्या पाटाच्या पार शेवटाला. त्या उन्हाळ्यात हापसा आटला आणि पाटाचं पाणी आमच्यापर्यंत आलंच नाही. तळातल्या डबक्यातलं हिरवं पाणी आम्ही फडक्यानं गाळून पीत होतो. आम्ही बौद्ध. घरात बुद्धाची तसबीर. पण सासूच्या मनातून गावचा देव गेला नव्हता. पोरीसाठी नवस बोललेय, ताट घेऊन जा, म्हणाली. नवरा शिक्रापूरला नव्या कंपनीत, तिथंच खोली करून. विचारणार कुणाला? गेले.

परत आले तर मुलीचे डोळे खोल गेलेले. हाक मारली तरी बघेना. तिला खांद्यावर टाकून डांबरीवर आले. खुटबावचा दुधाचा टेम्पो दौंडकडं निघाला होता. हात करायची लाज वाटली, म्हणून मी सरळ रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. टेम्पोवाले मामा शिव्या देत उतरले. मुलीला बघितलं. कॅन सरकवून आम्हाला जागा केली. दौंडच्या दवाखान्यात बिलाचे आणि औषधाचे पैसेही त्यांनीच भरले. सवडीनं दे, म्हणाले.

डॉक्टरनं नवस विचारला नाही. पायरी विचारली नाही. त्यानं विचारलं, "पाणी कुठलं पाजलं?"

 बाटलीतून थेंब थेंब पाणी मुलीच्या हातात जात होतं. मी ते बघत होते आणि आतून पेटत होते.

मुलगी वाचली. सासू म्हणाली, देव पावला.

पुढं पाट सुटला तेव्हा पाण्याच्या पाळ्या बघणारा पाटकरी सायकल घेऊन काठानं चालला होता. परक्या माणसाशी मी आपणहून बोललेली ती पहिली वेळ. विचारलं, दादा, धरणावर जे दार उघडतात, ते बघतात का पाणी कुठवर गेलं?

तो हसला. "त्येस्नी तुमची वस्ती कुठं हाय त्येबी ठावं न्हाई, ताई. पाणी तुमच्या वाटणीचंबी सुटतंय. मधी ज्याची मोटार, त्याचं पाणी."

आणि हनुवटीनं दाखवलं. आबांचे काळे पाइप पाटात तोंड घालून पडले होते.

आमची माणसं म्हणतात, देव नाहीच. मी वाद घालत नाही. मला वाटतं, असेल. ज्वारीच्या एका दाण्यातून कणीस येतं, ही रीत कुणीतरी घालून दिली असेल. पण घालून दिली आणि तो गेला. त्याला माझी वस्ती ठाऊक नाही. माझ्या मुलीला ओकाऱ्या झाल्या तेव्हा त्यानं ऐकलं नाही, आणि आबांनी तांब्या ओतला तेव्हा त्यानं बघितलंही नाही. पोटभर सोडलं होतं त्यानं, सगळ्यांना पुरेल एवढं. मधे मोटारी बसवल्या त्या माणसांनी. आणि वर आम्हालाच सांगतात, देवाला काळजी आहे. त्याला काळजी असती तर तुमचे पाइप राहिले असते का?

दुसऱ्या वर्षी यात्रेच्या आधी आबांनी रस्त्यात जीप थांबवली.

"देवानं पोरगी वाचिवली. नवस फेडायला कवा येतीस?"

 या वेळी मी बोलले. "नवस न्हाई फेडायचा, आबा. पाट सुटला की तुमची मोटार बंद ठिवा."

"लई बोलाया शिकलीस."

"व्हय. उशिरा शिकले."

पाट सुटला त्या दिवशी वस्तीतल्या बायांना घेऊन मी काठावर गेले. पहिला पाइप मी उपसून बाहेर टाकला. आबांची माणसं धावून आली. आम्ही हललो नाही. पाण्याच्या पुढच्या पाळीला त्यांनी पाइप परत टाकले. आम्ही परत काढले. जोवर टाकतील तोवर काढणार. त्या पायरीशी मात्र मी पुन्हा उभी राहिले नाही आणि राहणार नाही.

टेम्पोवाल्या मामांचे पैसे मजुरीतून थोडे थोडे देत आले. शेवटचे द्यायला गेले तर म्हणाले, "पोरगी शाळंत जाती नव्हं? मग ऱ्हाऊ दे."

मी नोटा त्यांच्या खिशात घातल्या. माझ्यावर त्यांचं देणं होतं, देवाचं नव्हतं. ते सगळं फिटलं.