देवाला सल्ले देणारे मालक

देवावर भरवसा कसा ठेवावा हे अख्ख्या मद्रासला शिकवणारा आणि स्वतः मात्र देवाला घटकाभरही मोकळं न सोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुर्दैवाने आम्ही त्याच्याच घरात भाड्याने राहत होतो. आमचे घरमालक मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. मद्रासजवळच्या आवडी गावी एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या नोकरीवर तरुणपणी आले, तिथेच घर बांधलं, खाली स्वतः राहिले आणि वरचा मजला आम्हाला दिला. परमुलखात मराठी घरमालक मिळाला म्हणून आमची ही हरखून गेली होती. पण त्या मराठीत आम्हाला जे जे ऐकून घ्यावं लागलं ते तमिळमध्ये असतं, तर निदान कळलं तरी नसतं.

कारखान्यात दिवसभर 'रिजेक्ट' म्हणून म्हणून त्या शब्दाची जिभेला चटक लागलेली. घरी आले की बायकोने आणलेली वांगी रिजेक्ट, मी दोरीवर घातलेला लेंगा वाकडा म्हणून रिजेक्ट, पाळकसाहेबांचा रविवारचा उपदेश तर चर्चच्या पायऱ्या उतरता उतरताच रिजेक्ट. एकदा हिने गच्चीवर सांडगे घातले. मालकांनी मान वर करून आभाळ तपासलं आणि "खुशाल राहू द्या, आज थेंब पडायचा नाही," असा निकाल दिला. तासाभरात सांडगे जिन्यावरून वाहत त्यांच्याच दारात पोचले. यावर गृहस्थ म्हणतात काय, "माझं बरोबर होतं हो, पाऊस चुकीचा आला." अशा माणसापुढे कपाळावर हात मारण्यापलीकडे काय करणार?

त्यांची प्रार्थना म्हणजे तर वरिष्ठाने कारकुनाला दिलेल्या सूचना. रोज पहाटे आमच्या खिडकीखाली उभं राहून खणखणीत आवाजात, "देवबापा, ब्रदर अरुळच्या पोराला गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत चिकटव. गेटातून शिरल्यावर डाव्या हाताचा कारखाना. उजवीकडचा नको, तिथे पगार वेळेवर होत नाही." नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी त्यांच्या चर्चमध्ये एक ताट फिरायचं. त्यात पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर शास्त्रातलं एकेक वचन. हाताला येईल ते देवाने आपल्याला वर्षभरासाठी दिलं असं समजायचं, अशी तिकडची रीत. मालकांनी एका वर्षी उचललेली चिठ्ठी धीर धरण्याबद्दलची निघाली, ती त्यांनी ताटात परत टाकली. दुसरी नम्रतेबद्दल होती, तीही गेली. तिसरीत शत्रूंची दाणादाण उडेल अशा अर्थाचं काहीतरी होतं, ती मात्र त्यांनी खिशात घातली. मालकीणबाई हे सांगताना लाजेने चूर झाल्या होत्या. मालक शांतपणे म्हणाले, "मग काय, घेताना तपासून घ्यायचं नाही?"

आणि हाच माणूस दर शनिवारी संध्याकाळी चर्चमधल्या पुरुषांची बैठक घ्यायचा! विषय काय, तर आपल्या अकलेवर न विसंबता देवावर कसं विसंबावं. खुर्च्या कमी पडायच्या म्हणून आमच्याकडच्या खाली जायच्या आणि त्या पोचवायला गेलेला मी फुकट करमणूक म्हणून दाराशी रेंगाळायचो. बैठक मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायची, त्यामुळे मलाही सगळं कळायचं. प्रत्येकाने उठून आपली अडचण सांगायची, सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची, आणि मग देवाची इच्छा काय आहे ते मालक जाहीर करायचे. अरुळने स्कूटर घेऊ नये ही देवाची इच्छा. अमक्याने मेहुण्याशी बोलू नये ही देवाची इच्छा. देवाचं आणि मालकांचं मत इतकं तंतोतंत जुळायचं, की देवाला स्वतःचं काही मत आहे की नाही याचीच मला शंका येऊ लागली. असला ढोंगी माणूस दुसरा नसेल, असं मी हिला दर शनिवारी ऐकवत असे.

मालकांना एकच मुलगी, रूथ. नर्स झाली होती. मद्रासमध्येच चांगल्या इस्पितळात तिची जागा मालकांनी जवळजवळ पक्की करून ठेवली होती, आणि ती म्हणू लागली की मला मध्य प्रदेशातल्या जंगलातल्या मिशनच्या दवाखान्यात जायचंय, देव मला तिकडे बोलावतोय. खाली महिनाभर नुसता गोंधळ. "देव मला न विचारता कसा बोलावतो?" असं मालक खरोखर ओरडलेले मी ऐकलंय. अखेर त्यांनी हा प्रश्न शनिवारच्या बैठकीत मांडला. पाठिंब्याची त्यांना पुरती खात्री होती. बोलून झालं आणि जो तो आपल्या पायांकडे बघू लागला. मग अरुळ, जो त्यांच्यापुढे कधी मान वर करत नसे, चाचरत म्हणाला, "सार, मुलीने जाऊ नये ही देवाची इच्छा, की तुमची?"

मला वाटलं, आता अरुळ रिजेक्ट. पण मालक जमिनीवर गुडघे टेकून बसले. भोवतालच्या पुरुषांनी त्यांच्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवले. सगळे थांबले होते, पण मालकांना प्रार्थना सुचेना. "देवबापा..." एवढंच म्हणून ते गप्प झाले. पत्ता नाही, सूचना नाही, काही नाही. मी हसायच्या तयारीने उभा होतो, पण माझ्याच्याने हसवेना.

रूथ गेली. सामान उचलायला म्हणून मी सेंट्रल स्टेशनवर बरोबर होतो. गाडी सुटेपर्यंत मालकांनी तिला एकही सल्ला दिला नाही, नुसते खिडकीचा गज धरून उभे राहिले. तिनेच शेवटी त्यांची बोटं हलकेच सोडवली. परतीच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "जोशी, मी बरोबर केलं ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कशाबद्दलही मत विचारलं नव्हतं. देवावर सोपवलं की माणूस हलका होतो, हे मी त्या बैठकांत इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही ते खरं वाटू लागलं होतं. पण शेजारी बसलेला माणूस जराही हलका झालेला नव्हता. फार वाईट वाटलं मला. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही.

"मला नाही माहीत, मालक," मी म्हटलं.

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि आवडी येईपर्यंत माझा हात धरून बसले.