आबांवर गेलेली पोर

"आता काहून चुप बसले जी? सांगा ना डॉक्टरले तुमच्या बापाची गंमत!"

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात बायको अशी ओरडली, की रस्त्यावरच्या अ‍ॅम्बुलन्सने सायरन बंद करून ऐकलं असावं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं, घराण्यात आधी कोणाला मानसिक आजार होता का. मी छाती काढून म्हणालो होतो, "आमच्या घरी? सारे वाघ!" शेजारच्या खुर्चीत आमची मुलगी मान खाली घालून बसली होती.

गंमत अशी. माझे वडील, म्हणजे आबा, एकदा आमच्या गावी, खाप्याला, झोपायचंच विसरले. रात्र-रात्र जागून स्वतःचं सोडून गावभराचं वावर नांगरलं, मग बैल विकून साऱ्या गावाला जिलेबी चारली. लग्न असो की बारसं, मी हे रंगवून सांगायचो. माझ्या तोंडून आबांनी कन्हान नदीसुद्धा नांगरली आहे.

"अन् त्याच्यानंतर कितीक महिने भिंतीकडे तोंड करून पडले होते, आंघोळ नाही की बोलणं नाही, ते?" बायको म्हणाली. "ते मीच पाह्यलं ना!"

तो भाग मी कधी कोणाला सांगितला नाही, स्वतःलाही नाही. म्हणून तर दिवाळीनंतर मुलगी रात्रभर जागून नंदनवनातल्या आमच्या घराच्या भिंती रंगवायला लागली, रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना जेवायला आणू लागली, तेव्हा मी टाळ्या पिटल्या. "आबांवर गेली पोर!" पुढे ती अंथरुणातून उठेना, तेव्हा कुठे दवाखाना आठवला.

"डॉक्टरसाहेब, मोबाइलवर वाचलं, आता जीन कापता येतो म्हणे. माझ्याकडून आलेला तेवढा कापून टाका. पाहिजे तर पहिले मले टेबलावर घ्या."

"एकच जनुक असतं तर गोष्ट वेगळी होती," डॉक्टर म्हणाले. "या आजारात शेकडो जनुकांचा थोडा थोडा हात असतो. कोणतं कापणार? संशोधन चालू आहे, पण आज असा उपचार नाही. आज गोळ्या आहेत आणि वेळेवर झोप. जरा लवकर यायला हवं होतं."

शेवटचं वाक्य त्यांनी कागदाकडे बघत म्हटलं. माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर ऑटोची वाट पाहताना मी मुलीला म्हणालो, "बेटा, तो इलाज निघू दे, साऱ्या विदर्भात पहिला नंबर आपला!"

ती हसली नाही. "बाबा, आबा मग उठले कसे?"

साऱ्या गोष्टी तोंडपाठ असलेल्या मला हे माहीत नव्हतं. तरी जीभ काहीतरी जुळवायला लागलीच होती.

"हळूहळू," बायको म्हणाली.