रामलिंगाच्या पाहुण्यांचं उरलेलं पीठ

गौराकाकी गेल्याचा निरोप येडशीहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं कळंबला माझ्या दारात सांगितला. डोळ्याला पदर लावला खरा, पण लगेच हसूही फुटलं... जाताना म्हणे ती सुनेला म्हणाली, "लोकं लांबून येतील, भाकरी कमी टाकू नगंस."

निजामाच्या राज्यातली गोष्ट. श्रावण लागला की आमची ही चुलती बैलगाडी घेऊन येडशी स्टेशनावर हजर. रामलिंगाला येणारे लोक शिधा बरोबर आणायचे अन् देवळापाशी तीन दगड मांडून रांधायचे. काकी त्यांना उतरल्या उतरल्या गाठायची. "तिथं माकडं जेवतील अन् तुमी बघत बसाल! शिधा माझ्याकडं द्या, येताना गरम जेवून जावा." आळीतल्या बायका भाकरी थापायच्या, त्यांचीही पोरंबाळं त्यातच जेवायची, अन् उरलेलं पीठ, डाळ जायचं आमच्या मास्तरांच्या घरी. मास्तर काकीच्या ओसरीवर आम्हा पोरींना मराठी शिकवायचे. सरकारी शाळेत सगळं उर्दूत, अन् आमच्या शाळेला परवानगी न्हाय. वर कळलं असतं तर शाळेला कुलूप अन् मास्तरांना गाव सोडावं लागलं असतं.

अन् काकीनं एकदा स्वतःच डंका पिटला की हो! गोंड्याच्या रुमी टोपीतले एक साहेब बायकापोरांसकट देवळाजवळचा धबधबा बघायला आले होते. परतताना काकीच्या अंगणात जेवायला बसले. ठेच्यानं डोळ्यांत पाणी, तरी हात थांबेना. खूश होऊन विचारलं, "बाई, इत्ता आटा दिया था, बाकी किदर गया?"

"मास्तराच्या पोटात!" काकी तोऱ्यात म्हणाली. "तुमच्यासारखे पाव्हणे येतेत म्हून तर आमच्या पोरींची शाळा चालती."

साहेबांचा घास हातातच राहिला. "बाई, मैं तालीमकाच अफसर हूँ. इजाजत किदर है?" साहेब नेमके शाळाखात्याचेच निघाले!

पाणी वाढणाऱ्या मास्तरांची तर पाचावर धारण बसली. आम्ही पोरी दाराआड रडकुंडीला. काकीनं मात्र गरम भाकरी आणून साहेबांच्या ताटात टाकली.

"शाळा बंद करायची तर करा साहेब, पर आधी जेवान पुरं करा. अन् एक ध्यानात ठेवा, मास्तरानं तुमचंच पीठ खाल्लंय. गुन्हा असंल तर तुमी दोघं मिळून केलाय!"

बेगमसाहेबाच आधी हसल्या. साहेबांनी ठेच्याला बोट लावलं. "हमने तो सिरफ झरने का पानी देखा, बाई. इस्कूल नै देखा." पुढच्या श्रावणात ते दोस्तमंडळी घेऊन आले, अन् पिठाचं अख्खं पोतं.

पुढं राज्य बदललं, शाळा सरकारी झाली, मी तिच्याच जिवावर मास्तरीण झाले. काकीचं पीठ थांबलं न्हाय. कधी बाळंतिणीकडं जायचं, कधी आजाऱ्याकडं. कुणाला द्यायचं ते तीच ठरवायची.

परवा तेराव्याला, कुणी सांगितलं नव्हतं तरी, जुने पाहुणे आपापला शिधा घेऊन आले. पंगती उठल्या, तरी दोन डबे पीठ उरलं. कुणाकडं पोचवायचं ते विचारायला मी चुलीकडं वळले, अन् "काकी..." म्हणून हाकही मारली.