चाकाचे नट

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कोबार गावच्या क्लॅरी हॉस्किननं चाळीस वर्षं खाणीचे ट्रक दुरुस्त केले. मुलगी मेरिनला पाना धरायलाही त्यानंच शिकवलं. त्या रविवारी दोघांनी तिच्या गाडीचे ब्रेक बदलले. मेरिन हात धुवून येईपर्यंत क्लॅरीनं चाक बसवून जॅकही काढला.

"झालं! आता पोरांना घेऊन जा खुशाल."

तिनं सवयीनं नट चाचपले. पाचही नुसत्या बोटांनी फिरत होते.

"बाबा, हे आवळलेच नाहीस तू."

"आवळले की! मला शिकवतेस?" म्हणत त्यानं स्वतः एक फिरवून बघितला आणि हात मागे घेतला.

"डॉक्टरनं विचारलं होतं, हल्ली विसरतोस का," तो हळूच म्हणाला. "मी नाही म्हणालो."

मेरिननं नट आवळले आणि हात पुढे केला. क्लॅरीनं स्वतःच्या गाडीची किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.