बाजेच्या कडेवरचा पंजा

त्या उन्हाळ्यात एका सकाळी आमचे बैल मोटेच्या धावेवर चढेनात. विहिरीपासून लांबच थबकले आणि फुरफुरायला लागले. भाऊनं चाबूक उगारला तरी ते मागेच सरकत राहिले. शेवटी भाऊ स्वतः काठावर गेला, वाकून पाहिलं आणि उलट्या पावलांनी मागे आला.

“बिबट हाय,” तो हळूच म्हणाला. “इहिरीत बिबट हाय.”

वाशिमच्या बाहेर, अनसिंगच्या रस्त्याला आमचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मळा भाऊ आणि वहिनी सांभाळत. माझं मन मातीत कधी रमलं नाही. गावातल्या फोटोच्या दुकानात मी काम करायचो. दुकानाचे मालक एक वयस्कर मुसलमान उस्ताद होते, मी त्यांना चाचा म्हणायचो. नवरा-नवरीची जोडपी, शाळेतून बदलून जाणारे मास्तर, पडद्यासमोर खुर्चीत बसवलेले शेटजी, हेच आमचं काम.

त्याच सुमारास नागपूरच्या एका साप्ताहिकानं स्पर्धा जाहीर केली होती. बातमीचं छायाचित्र पाठवा, म्हणे. मांडून काढलेलं नको, घडताना टिपलेलं हवं. मी दुकानातला घडीचा कॅमेरा मागून घेतला आणि सवड मिळेल तेव्हा गावभर हिंडलो. रॉकेलची रांग टिपायला गेलो, तर अख्खी रांग माझ्याकडे वळून टोप्या नीट करत उभी राहिली. बाजारातलं भांडण टिपायला गेलो, तर भांडणारे दोघं भांडण सोडून माझ्यावरच धावून आले. लढाईचे दिवस होते, फिल्म मिळणं मुश्कील झालं होतं. त्या दिवशी कॅमेऱ्यात दोन-तीन फोटोंपुरतीच जागा उरली होती.

मी विहिरीत डोकावलो. पाणी तळाला गेलेलं. एका कपारीला पुढचे पाय अडकवून बिबट अर्धा पाण्यात लोंबकळत होता. मान वर करून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज काढला. विहिरीच्या भिंतींतून तो आवाज असा घुमत वर आला की मी काठाचा दगड घट्ट धरला.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. दुपार चढायच्या आत मळ्यात माणसंच माणसं झाली. मिरचीचे दोन वाफे तुडवले गेले. एक ठेकेदार बंदूक घेऊन आला. आल्या आल्या तो भाऊला म्हणाला, “सरका बाजूले. एका गोळीत काम खतम करतो.”

भाऊ काही बोलायच्या आत वहिनी पुढे झाली. डोक्यावरचा पदर घट्ट करून ती म्हणाली, “गोळी मारसान तं रगत पान्यात सांडन. आमी हेच पानी पेतो. मेथीले हेच पानी. मंग आमची भाजी घेईन कोन?”

“मंग काय पूजा करता त्याची?”

“त्याले भाईर काढू,” भाऊ म्हणाला.

लोक हसले. पण शेजारच्या मळ्यातल्या एका म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याच्या लहानपणी किन्हीराजा गावाकडे असंच केलेलं त्यानं पाहिलं होतं. बाजेच्या चारी पायांना दोर बांधायचे, ती पाण्यापर्यंत सोडायची. जनावर थकलेलं असतं, टेकायला जागा मिळाली की चढतं. मग सगळ्यांनी मिळून सारखं ओढायचं. ठेकेदार बंदूक आडवी धरून आंब्याखाली जाऊन बसला. “जनावर वर आलं आन् कोनावर गेलं, तं मले बोलू नोका,” एवढं मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

झोपडीतली बाज आणली. दोर ओढणाऱ्यांनी काठापासून मागे उभं राहायचं ठरलं, म्हणजे त्यांना खालचं काहीच दिसणार नव्हतं. भाऊ माझ्याकडे वळला.

“तू मोटेच्या लाकडावर चढ. तुले तथून सारं दिसन. कोनता दोर वढाचा, कोनता ढिला सोडाचा, तूच सांग. आन् ध्यान देऊन सांग गा, फोटोच्या नादात राहू नोको.”

मी चढलो. एका हातानं उभं लाकूड धरलं, गळ्यात कॅमेरा. बाज खाली जाताना भिंतीला घासत होती. ती पाण्याला लागली तसा बिबट्यानं पंजा मारला आणि मागे सरला. मी कॅमेरा खाली वळवून एक फोटो घेतला. पुढे तो धुतल्यावर निव्वळ काळा निघाला.

बराच वेळ काही झालं नाही. मग बिबट्यानं एक पाय बाजेवर ठेवला, दुसरा ठेवला, आणि अंग ओढून घेतलं. बाजेचं सुंभ त्याच्या वजनानं झोळीसारखं खाली गेलं.

“चढला!” मी म्हणालो. “वढा. हयू, घाई नोको. डावीकडून जरा जास्ती.”

बाज वर येऊ लागली. बिबट पोटाशी पाय घेऊन दबून बसला होता, कान मागे पडलेले. अर्ध्या विहिरीत आल्यावर त्याला उजेड दिसला असावा. तो उभा राहिला आणि त्यानं असा आवाज टाकला की मागची गर्दी फुटली. उजव्या अंगाचा एक दोर धरणारा गडी हातातला दोर टाकून पळाला. बाज एका बाजूनं कलली. बिबट घसरला आणि बाजेच्या लाकडाला नखं रोवून लटकला.

“उजवा दोर गेला!” मी ओरडलो. “उजवा धरा! उजवा!”

वहिनीला भाऊनं केव्हाच झोपडीत जायला सांगितलं होतं. ती गेली नव्हती. सरपटत काठाकडे निघालेला तो दोर तिनं दोन्ही हातांनी धरला. दोरानं तिला काठापर्यंत खेचत नेलं. तिथं तिनं एक पाय दगडाला लावला, अंग मागे टाकलं, आणि दोर थांबला.

मी लाकडावर होतो. उतरून तिच्यापर्यंत जायचं तर माझी हाक बंद पडणार होती, आणि ओढणाऱ्या बाकीच्यांना माझ्या हाकेशिवाय दुसरा आधार नव्हता. “वढा! सारखं वढा! वैनी, सोडू नोको!” एवढंच मी करू शकत होतो. बाज काठाला आली. एक पंजा बाजेच्या लाकडावर आला, वहिनीपासून हातभर अंतरावर. पळायला तिला जागा होती. पण तिनं दोर सोडला असता तर बाज उलटली असती आणि बाकीचे तिघं दोरासकट काठाकडे खेचले गेले असते. तिचे दात आवळलेले, पदर खांद्यावरून पार खाली गेलेला. डोळे त्या पंजावर.

तेव्हा मी फोटो घेतला. कसा घेतला ते मला सांगता येणार नाही. ओरडणं चालूच होतं.

बिबट उडाला. वहिनीच्या अंगावरून नव्हे, बाजूनं. वांग्यांच्या ओळींतून तो नाल्याकडे पळत सुटला. मी घाईघाईनं फिल्म पुढे सरकवली आणि त्याचा पळतानाचाही एक फोटो घेतला. आंब्याखाली ठेकेदार उभा राहिला होता, पण मधे इतकी माणसं होती की त्याला बंदूक उचलताच आली नाही.

वहिनी तिथंच खाली बसली. तिच्या तळहाताची साल निघाली होती. भाऊनं तिचे हात आपल्या हातात घेतले.

चाचांनी फिल्म स्वतः धुतली. ओल्या काचेसारखी ती उजेडात धरून त्यांनी दोन्ही फोटो पाहिले. पळणारा बिबट स्पष्ट आला होता, नाकापासून शेपटापर्यंत. दुसऱ्यात वहिनी, दोर, पाठीमागे तोंडं वासलेले लोक, आणि कोपऱ्यात बाजेच्या लाकडावर फक्त पंजा.

“हा भेज,” चाचा पळत्या बिबट्यावर बोट ठेवून म्हणाले. “पूरा जानवर आहे. त्या दुसऱ्यात काय आहे? पंजा. लोक विचारतील, बिबट कुठं?”

“चाचा, हा बिबट कोन्या शिकारीच्या पुस्तकातला बी असू शकते. हा वैनीचा फोटो आमच्या इहिरीवरचा हाय, दुसरीकडचा होऊच शकत नाई.”

“तू घरचा आहेस म्हणून तुला दिसते,” चाचा म्हणाले. दोन दिवस आम्ही दुकानात यावरून एकमेकांशी नीट बोललो नाही. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. परक्या माणसाला दिसेल की नाही, याची मलाही खात्री नव्हती.

पण त्याआधी वहिनीला विचारणं भाग होतं. मी फोटो छापून मळ्यात नेला. हाताला हळद-तेल लावलेली फडकी बांधून ती बसली होती. तिनं फोटो पाहिला आणि उलटा करून ठेवला.

“मले असं काहून दावलं? पदर नाई, काई नाई. दात विचकलेले.”

“तू तशीच होती, वैनी.”

“तशी होती म्हून साऱ्या मुलखाले दावाचं?”

भाऊ दारात उभा होता, त्याचं तोंड उतरलं. नाही म्हणाली असती तर तो फोटो मी पाठवला नसता. चाचांचा बिबट पाठवला असता आणि विषय संपला असता. मी उठलो तशी तिनं फोटो परत हातात घेतला. या खेपेला बराच वेळ पाहत राहिली.

“हा गडी पहा कसा पयून राह्यला,” ती म्हणाली. मागे, पाठ करून पळणारा तो दोरवाला तिनं दाखवला. मग हसायला लागली. भाऊही हसला. “पाठव. पन माझं नाव टाकू नोको. माहेरी समजलं तं माय रडत येईन.”

निकाल अकोल्याला होता. एका शाळेच्या दालनात सगळे फोटो भिंतीवर लावले होते. मी आणि चाचा सकाळच्या गाडीनं गेलो. साहेबांच्या दरबाराचा फोटो होता, पुराचा होता, नव्या पुलाचा होता. बहुतेक फोटोंत माणसं ओळीनं उभी होती. परीक्षक तिघं होते: साप्ताहिकाचे संपादक, एक चित्रकलेचे शिक्षक आणि एक निवृत्त अधिकारी. ते आमच्या फोटोपाशी आले आणि थांबले. शिक्षक फोटोला नाक लावून पाहू लागले. अधिकारी मात्र एक पाऊल मागे सरले, आणि मग आपणच मागे सरलो हे लक्षात येऊन खाकरले.

थोड्या वेळानं संपादकांनी मला बाजूला बोलावलं.

“फोटो उत्तम आहे,” ते म्हणाले. “पहिलं बक्षीस यालाच द्यावं असं आमचं मत आहे. पण अडचण अशी की छापायचा तर याचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा करावा लागतो, आणि आमच्या कागदावर बारीक गोष्टी उमटत नाहीत. हा पंजा नाहीसा होईल. आमचा चित्रकार कुंचल्यानं काठावर बिबट्याचं डोकं काढून देईल. बेमालूम. तुमची हरकत नसावी.”

चाचा शेजारीच उभे होते. पडद्यावर चंद्र रंगवणारे, शेटजींच्या गालावरचे व्रण पुसणारे चाचा. ते हो म्हणतील, असं मला वाटलं. ते माझ्याकडे पाहत राहिले, निर्णय माझ्यावर सोडून.

“डोकं वर आलंच नव्हतं,” मी म्हणालो.

“पण पुढच्या क्षणी आलंच ना?”

“डोकं आलं तवा तिनं मान फिरवली होती. डोकं असतं तं ती अशी पाहत नसती. तुमी डोकं काढसान, तं ती भलतीकडंच पाहून राह्यली असं दिसन.”

संपादक चिडले नाहीत. त्यांनी फोटोकडे पुन्हा पाहिलं, बोटानं तिच्या नजरेची रेघ पंजापर्यंत ओढली आणि उसासा टाकला. “खरं आहे. पण मग हा मुखपृष्ठावर घेता येणार नाही. आणि मुखपृष्ठावर येईल त्यालाच पहिलं बक्षीस, असं आधीच ठरलंय.”

“राहू द्या मंग.”

पहिलं बक्षीस नव्या पुलाला मिळालं. आम्हाला दुसरं. परतीच्या गाडीत चाचा खिडकीला टेकून बसले होते. मी चुकलो का, असं मी त्यांना विचारलं. “मी असतो तर काढू दिलं असतं,” ते म्हणाले. मलाही वाशिमपर्यंत चैन पडलं नाही. हातचं घालवलं, असं सारखं वाटत राहिलं.

अंक आला. फोटो आतल्या पानावर, तळहाताएवढा. संपादक म्हणाले होते तसंच झालं होतं, पंजाच्या जागी नुसता करडा डाग. वहिनी अंक घेऊन बाजारात भाजीच्या पाटीशी बसली होती आणि मी तिच्याजवळ उभा होतो. तेवढ्यात मेथी घ्यायला एक म्हातारी आली. तिची नजर अंकावर पडली. ती खाली वाकली. मेथीची जुडी तिच्या मुठीत होती, ती मूठ आवळली गेली. पानं चुरगळली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

“काव बाई,” ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, “इहिरीत कोन पडलं होतं? वाचलं का?”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं पाटी जरा बाजूला सरकवली, म्हातारीला बसायला जागा करून दिली आणि म्हणाली, “वाचलं. बस, सांगते.”