परत आलेली नळी

लालबागच्या आमच्या चाळीतले शेजारचे काका वस्तू देताना हात पुढे करतात आणि लगेच थोडा मागे घेतात. लेकीच्या कॉलेजात छोटं रॉकेट उंच उडवायची स्पर्धा होती, खर्च परवडणारा नव्हता. रॉकेटच्या धडासाठी काकांनी मखराचा कागद गुंडाळून येतो ती पुठ्ठ्याची नळी दिली. "परत पाहिजे हां!"

मैदानावर रॉकेट दिसेनासं झालं, तेव्हा मला उंचीपेक्षा काकांचीच धास्ती. जुन्या छत्रीच्या कापडाचं पॅराशूट उघडलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी काकांनी नळी उलटसुलट पाहिली, काजळी हुंगली. "वाट लावलीत हिची." किती उंच गेलं, ते विचारलंच नाही. मग खाटेखाली वाकून त्यांनी त्याहून लांब नळी ओढून काढली.

"पुढच्या वेळी ही न्या. पण परत पाहिजे हां!"